आईच्या हाकेसाठी आणलेली वायर

मी एक जुनी वायर आहे, मित्रांनो. भिंतीतली वीज अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत न्यायची, एवढंच माझं काम. पण थाट बघाल तर वाटेल, राजघराण्यातली आहे! अजगरासारखी जाड, अंगावर जाळीदार झगा, टोकं चकचकीत. आत मात्र साध्या वायरीत असतं तेच तांबं.

मला विकत घेणाऱ्या काकांना दुकानदार म्हणाला, "ही लावा. बोलणारा समोर बसलाय असं वाटेल." खोटारडा! लांबून साध्या तारांमधून आलेल्या विजेवर शेवटच्या दोन हातांत मी कसली जादू करणार? पण त्याला जनाची नाही, मनाचीही नाही.

काका जन्मभर छापखान्यात यंत्रांच्या खडखडाटात उभे राहिलेले. त्यांच्याजवळ एक कॅसेट होती. तिच्या शेवटी त्यांची आई दारातून हाक मारते, "सोन्या, सांभाळून ये रे." आई केव्हाच गेली होती. काकांना हल्ली त्या हाकेतला 'स' ऐकू येईना. तो परत मिळावा म्हणून मला आणलं.

दुकानदाराने बजावलं होतं, नवी वायर आधी फ्रीजला लावा, मुरू द्या. काकूंना हसू आवरेना. "मुरायला घातलीय होय? मग लोणच्याच्या बरणीसारखा दादरा बांधते तिच्या तोंडाला!"

"तू गप गं. तुला यातलं काय कळतं?"

तेच माझे सुखाचे दिवस. स्वयंपाकघरात सतत कुणीतरी कुणाशी बोलत असायचं. मग मला बंद खोलीत नेलं.

पहिल्या दिवशी काका डोळे मिटून ओरडले, "आला! 'स' आला बघ!" मला तर तो आधीपासूनच स्वच्छ ऐकू येत होता. चार दिवसांत काकांचा 'स' पुन्हा गेला. मग त्यांनी माझा प्लग पुसला, मला जमिनीवरून उचलून लाकडी ठोकळ्यांवर निजवलं. दर वेळी कॅसेट मागे फिरवायची आणि तीच हाक लावायची. दिवस दिवस हेच. फीत घासून झिजत होती. मी नुसती बघत होते.

एकदा त्यांची लेक दारात आली. "बाबा, जेवायला चला, सगळे थांबलेत."

"काय?"

"जेवायला!"

"तोंडातल्या तोंडात पुटपुटू नकोस. आणि दार लाव."

तिने दार लावलं, पण आत येऊन. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे तळहात धरून ती म्हणाली, "साखर. काय म्हणाले मी?"

"आखर... काहीतरी."

"बाबा, एकट्या आजीचा 'स' गेलेला नाही. माझाही गेलाय."

काकांनी कॅसेट बंद केली. मग तिच्याबरोबर कानाच्या डॉक्टरकडे गेले.

कानात यंत्र बसलं. घरी येताना त्यांना पायांखालची वाळू करकरताना ऐकू आली म्हणे. चपला न काढताच ते खोलीत शिरले आणि कॅसेट लावली. "...ओन्या, ...आंभाळून ये रे." यंत्र ठीक होतं. हाकच झिजून गेली होती. मागे फिरवायला गेलेला हात तसाच थांबला.

लेक शेजारी बसली. "आजी कशी हाक मारायची? म्हणून दाखवा ना."

काका म्हणाले, "सोन्या, सांभाळून ये रे."

तिने तशीच हाक मारली.

"नाही गं. 'रे' जरा लांबवायची ती."

मित्रांनो, एखाद्याला कमी ऐकू येऊ लागलं, तर त्याला हसू नका आणि त्याच्या गळ्यात वायरी मारू नका. हाताला धरून डॉक्टरकडे न्या. जो आवाज पुढे हवासा वाटणार आहे, तो घरात आहे तोवर त्याच्याजवळ बसा. गेल्यावर कितीही जाड वायर लावलीत तरी तो येत नाही.

आईचा तो 'स' शेवटचा मी ऐकला. अजून आठवतो. काकांना देता आला असता, तर सगळं तांबं उपसून दिलं असतं.