दम्मामच्या गोदीतली तेवीस कार्डं

मी पॅड बोलतोय. हो, तेच! मुलं परीक्षेला छातीशी धरून नेतात ना, वर लोखंडी चाप असलेलं, तसलंच. पण माझी परीक्षा साधीसुधी नव्हती हं! मी पाहिलेल्या परीक्षेत उत्तरं कुणी वाचतच नसे. चेहऱ्याचा रंग पाहिला की निकाल लागायचा.

ही गोष्ट १९६४ सालची, अमेरिकेतल्या मिसिसिपीची. माझी पहिली मालकीण ओडेसाबाई. लोकांकडे धुणीभांडी करणारी, ठसठशीत बोलणारी काळी बाई. तिकडे काळ्या माणसाला मताचा हक्क होता, पण कागदावर. मतदार यादीत नाव घालायचं तर कोर्टाच्या इमारतीत जाऊन एकवीस प्रश्नांचा फॉर्म भरायचा, वर राज्यघटनेतलं एखादं कलम समजावून लिहायचं. ते बरोबर की चूक हे गोरा कारकून ठरवणार, त्याच्या मर्जीप्रमाणे!

ओडेसाबाई मला काखेत मारून दारोदार फिरायची. "चला, नाव घाला," म्हणायची. कुणी दार लावून घ्यायचं, कुणी कुत्रं सोडायचं. संध्याकाळी चर्चच्या बाकांवर म्हातारेकोतारे माझ्यावर कागद ठेवून तोच फॉर्म पुन्हा पुन्हा गिरवायचे. ज्यांनी अर्ज केला त्यांची नावं वर्तमानपत्रात छापून यायची, म्हणजे मालकाला कळावं कुणाला कामावरून काढायचं ते. बाईचंही काम गेलं. दोनदा ती नापास झाली. दुसऱ्यांदा तर तारीख जरा इकडची तिकडे पडली एवढ्यावरून! पुढच्या वर्षी कायदा बदलला आणि तिचं नाव लागलं. त्या दिवशी तिने माझा मुका घेतला. मी लाकडाचा, तरी लाजलो.

मग बरीच वर्षं मी कपाटावर धूळ खात पडलो. बाई गेली. तिची मुलगी व्हर्नेल लष्करात सार्जंट झाली आणि १९९० च्या ऑगस्टात इराकने कुवेतवर हल्ला केला तशी थेट सौदीत, दम्माम बंदरावर येऊन पोचली. सामानात मी होतोच.

काय ती गडबड! जहाजांतून रणगाडे उतरतायत, भोंगे वाजतायत, घामाच्या धारा लागल्यायत. नोव्हेंबरात अमेरिकेत निवडणुका होत्या. शिपायांनी एक कार्ड भरून पाठवलं की गावाकडच्या यादीत नाव लागणार आणि मतपत्रिका टपालाने येणार. ती कार्डं भरून घेण्याचं काम व्हर्नेलकडे आलं. पण शिपाई नुसती सही ठोकायचे आणि "बाकीचं नंतर" म्हणून पळायचे.

गोदामाच्या ऑफिसात कारकून होता जमालुद्दीन, दापोलीकडचा. चौदा वर्षं दम्मामात. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं, त्यामुळे इकामा म्हणजे राहण्याचा परवाना असो, पासपोर्ट असो, सगळ्या मजुरांचे फॉर्म तोच भरायचा. लोक फक्त सही करायचे. एका सकाळी व्हर्नेल मीटिंगला गेलेली. माझ्या चापात सही केलेली तेवीस कोरी कार्डं आणि शेजारी पलटणीची यादी. जमालुद्दीनचे हात शिवशिवले. मॅडमचं काम हलकं करावं म्हणून त्याने सगळी कार्डं भरून टाकली! यादीत कुणाची जन्मतारीख ७/२२ होती. "बाविसावा महिना कुठून आला? काय धांदरट लोक!" असं पुटपुटत गड्याने तेवीसच्या तेवीस तारखा आपल्या पद्धतीने, दिवस आधी आणि महिना मागून, 'सुधारून' ठेवल्या. मी ओरडणार होतो, पण माझं कोण ऐकतो?

बारा वाजता व्हर्नेल आली. कार्डं पाहून तिचा चेहरा पडला.

"जमाल, आमच्याकडे महिना आधी लिहितात."

"मॅडम, हजार फॉर्म भरले मी. एक परत नाही आला!"

"माझ्या आईचा आला होता. एका तारखेसाठी." तिने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "टपालाची गाडी तीनला जाते. पुढची आठवड्याने. तोवर कित्येकांची मुदत संपेल. आणि ज्याचं त्यानेच लिहायचं असतं हे."

जमालुद्दीन पांढराफटक पडला. मग त्याने कोऱ्या कार्डांचा गठ्ठा माझ्या चापात कोंबला आणि बाहेर धावला. "हुसेनमियाँ! पिकअप काढ! यल्ला, यल्ला!"

"अरे काय झाला काय? आग लागली?" ड्रायव्हर हुसेनमियाँ त्याच्याच गावचा.

"माझ्या हाताने लावलीय. चल तू!"

आणि निघालो की आम्ही! धक्क्यावर, पाण्याच्या टँकरमागे, जेवणाच्या तंबूत, जहाजाच्या शिडीवर. मला तर तरुणपण आठवलं, पुन्हा दारोदार! जमालुद्दीन पेन पुढे करायचा, "सॉरी साहेब, माझी चूक. तुम्हीच लिहा." कुणी हसलं, कुणी शिवी हासडली, पण लिहिलं सगळ्यांनी. पावणेतीनला बावीस झाली.

तेविसावा अल्विन. रणगाड्याच्या सावलीत बसला होता, हात बांधून.

"सही केली ती सार्जंटची कटकट टळावी म्हणून. माझ्या बापाने नाव घातलं, तर दुसऱ्या दिवशी जमीनदाराने बिऱ्हाड रस्त्यावर फेकलं. मला नको."

जमालुद्दीनला धाप लागली होती. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो म्हणाला, "माझं नाव गावच्या यादीतून काढलं. परदेशात राहतो म्हणून. मला कोणी मारलं नाही, हाकललं नाही. नुसती एक रेघ ओढली. मी काही करू शकत नाही. तुझ्या बापाने तर घर घालवलं या नावापायी, आणि तू इथे बसून ते सोडून देतोस?"

अल्विनने बांधलेले हात सोडले. मग त्याने मला मांडीवर ओढलं आणि एकेक अक्षर दाबून लिहिलं. माझ्या पाठीपर्यंत पोचलं ते! हुसेनमियाँने गाडी अशी पिटाळली की टपालवाला दार लावत असताना आम्ही आडवे उभे. तेवीस गेली! खलास! जमालुद्दीन आणि हुसेनमियाँ भर उन्हात गळ्यात गळे घालून नाचले.

व्हर्नेलची बदली पुढे वाळवंटात झाली. जाताना तिने मला जमालुद्दीनच्या हातात ठेवलं. त्याच रात्री त्याने माझ्यावर कागद ठेवून बायकोला, इस्मतला पत्र लिहिलं. "तुझं नाव यादीत आहे का, हे चौदा वर्षांत विचारायचं मला सुचलं नाही. आपली पोरगी झोयाही अठराची झाली, तिलाही आता मत आहे. कचेरीतून फॉर्म आणा. मी भरून पाठवणार नाही." मग युद्ध पेटलं, आकाशातून क्षेपणास्त्रं आली, टपाल रखडलं.

आता लढाई संपलीय. मी जमालुद्दीनच्या खोलीत खिळ्यावर असतो. खाऱ्या हवेने चाप गंजलाय, कोपरे झिजलेत. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणाला लिहायला जमत नसेल तर शेजारी बसा, हवं तर दिवसभर बसा, पण पेन त्याच्याच हातात राहू द्या.

बरं, आता गप्प बसतो. जमालुद्दीन कामावरून आलाय आणि माझ्या चापातलं पत्र हुसेनमियाँला पुन्हा वाचून दाखवणार आहे. आजवर घरची पत्रं इस्मत सांगायची आणि झोया लिहायची. या पत्रातलं अक्षर मात्र मोठं, वेडंवाकडं, ओळ सोडून चाललेलं. ऐका:

"झोया म्हणाली, अम्मी, तुझा फॉर्म मी भरते. मी म्हटलं, तुझा तू भर. माझं नाव यादीत लागलं. हे पत्रसुद्धा मीच लिहिलंय."