पाच मिनिटं पुढचं घड्याळ

निवृत्तिवेतन कार्यालयात सहा खुर्च्या, त्यातल्या चार रिकाम्या. खिडकीबाहेर मात्र म्हाताऱ्यांची रांग पार जिन्यापर्यंत! आपण जिवंत आहोत हे दरवर्षी समक्ष येऊन दाखवल्याशिवाय त्यांचं पेन्शन पुढे चालू राहत नसे.

हजेरीपत्रक मोठ्या बाईंच्या ताब्यात होतं. शेजारच्या खुर्चीवरची धाकटी कारकून दुसऱ्या बाळंतपणाची रजा संपवून आल्यापासून बाईंचा नुसता जळफळाट चालला होता. खरं सांगायचं तर त्यांनाही दुसरं मूल हवं होतं. पण पहिल्याला तीन महिन्यांचा असताना शेजारणीकडे ठेवून त्या कामावर आल्या होत्या. पुन्हा तो जाच नको म्हणून त्यांनी मन मारलं. आणि हिला सहा महिने रजा! वर टेबलावर दोन मुलींचा फोटो! तो बाईंच्या डोळ्यांत सलायचा.

म्हणून त्यांनी भिंतीवरचं घड्याळ गुपचूप पाच मिनिटं पुढे केलं. धाकटी पाळणाघरातून धावतपळत अगदी वेळेवर पोचायची, तरी तिच्या नावापुढे उशिराची लाल खूण पडायची.

आज धाकटीने राजीनामाच पुढे ठेवला. "नाही जमत हो बाई. कितीही पळा, उशीर होतोच."

"तुझी मर्जी. आम्हाला नव्हत्या कोणी सवलती दिल्या!"

खिडकीशी एक निवृत्त बसचालक उभे होते. त्यांनी मनगटावर पाहिलं, मग भिंतीवर.

"बाई, तीस वर्षं वेळेवर गाडी सोडलीय मी. तुमचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे."

धाकटीने चमकून वर पाहिलं. बाईंचा चेहरा खर्रकन उतरला.

"मलाही दुसरं मूल हवं होतं, काका!" त्या एकदम बोलून गेल्या. "माझ्यासाठी कोण थांबलं?"

"कोणी थांबलं नाही, हे वाईटच झालं," काका म्हणाले. "पण पेन्शन काय झाडाला लागतं? आज कमावणाऱ्यांच्या पगारातून ते येतं. मी निवृत्त झालो तेव्हा बाहेर आम्ही मूठभर होतो आणि आत सगळ्या खुर्च्या भरलेल्या. आता बघा! मूल हवं की नको, ज्याची त्याची मर्जी. पण ज्याला हवंय त्याची वाट का अडवायची? हिचे हाल बघून पुढची म्हणेल, नकोच मूल. उद्या तुम्ही या रांगेत उभ्या राहाल, तेव्हा आत कोण असेल?"

बाई स्टुलावर चढल्या आणि काटा मागे घेतला. मग हजेरीपत्रकातल्या प्रत्येक लाल खुणेशेजारी त्यांनी लिहिलं, 'चूक माझी', आणि खाली सही केली.

"माझ्यावर राग धर हवा तर, पण जाऊ नकोस," त्या म्हणाल्या.

धाकटी हसली नाही. तिने राजीनाम्याचा कागद उचलून पर्समध्ये टाकला. "उद्या पाळणाघर उशिरा उघडणार आहे. दहा मिनिटं उशीर होईल."

"ये. तोवर तुझी खिडकी मी बघते."

मंडळी, म्हातारपणाची काठी आपल्याच घरात वाढते असं थोडंच आहे! ती शेजारच्या खुर्चीवरच्या बाईच्या कडेवरही असते. तिचा हेवा वाटला, तर आधी आपल्या भिंतीवरचं घड्याळ तपासून पाहा.