गाठ न मारलेलं टोपडं

आक्काताईंच्या हातात क्रोशाची सुई आली की जगातला निम्मा गोंधळ त्यांना ऐकू येत नसे. शनिवारी दिवेलागणीला फोन लावून बसल्या की उरलेला निम्माही. गारगोटीच्या शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं पोरींना शिवण शिकवलं. आता कोल्हापुरात मुलाकडे राहायचं आणि लेस विणायची, एवढाच उद्योग. सून श्रुतीनं त्यांच्या लेसचे फोटो कुठल्याशा जगभरच्या विणणाऱ्या बायकांच्या ग्रुपवर टाकले आणि त्यातून दोन मैत्रिणी मिळाल्या. फिनलंडची हेल्का आणि चिलीची रोसारिओ. तिघींचं इंग्रजी सारखंच मोडकं. म्हणूनच गप्पा मस्त चालत, जड बोलणं कुणाला जमतच नसे.

बोलायचं काय, तर हवापाणी. पौषात हेल्काच्या खिडकीत दुपारीच अंधार झालेला असे आणि त्या अंधारात बर्फ पडत राही, आवाज न करता. त्याच वेळी रोसारिओकडे भर उन्हाळ्यातली सकाळ. पीच सोलता सोलता ती फोनवर येई आणि हात पुसून विणायला घेई. आक्काताईंकडे ऊसतोड चाललेली. भाच्यानं गुऱ्हाळावरून पाठवलेली काकवी त्यांनी वाटीत घेऊन फोनच्या पडद्यासमोर धरली, तर हेल्कानं डोळे मिटून लांब श्वास घेतला. गेलाही असेल वास, आक्काताईंना वाटलं. तीन ऋतू मांडीला मांडी लावून बसलेले. कुठला कुणाचा, हे विणता विणता विसरायलाच होई.

अशाच एका शनिवारी हेल्का म्हणाली, "तुझ्या घरी बाळ येणार ना? मी टोपडं विणायला घेतलंय."

आक्काताईंची सुई थांबली. श्रुतीला पाचवा महिना होता. याआधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा घर गप्प झालं होतं. बाळ हातात येईपर्यंत त्याचं काही आणायचं नाही, शिवायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. या खेपेला तर आक्काताई नुसती सरळ पट्टी विणत होत्या, कशालाच न लावायची. मन मात्र सारखं टोपड्याकडे धावायचं, आणि त्याला आवरता आवरता त्या थकून जात.

"नको," त्या म्हणाल्या. "आमच्यात आधी करत नाहीत. दोनदा गेलंय."

एवढंच त्यांना इंग्रजीत सांगता आलं. हेल्काच्या खिडकीत बर्फ पडत होता. मग रोसारिओ हळूच म्हणाली, "विणायचं, पण गाठ मारायची नाही. शेवटचा टाका मोकळा ठेवायचा. ओढला की सगळं उसवून पुन्हा दोरा होतो. मग ते टोपडं कुठं झालं? दोराच तो."

असली पळवाट शाळेत कुणा पोरीनं काढली असती, तर आक्काताईंनी तिचा कान पिरगाळला असता. पण त्यांचा जीव इतका आसुसलेला होता की त्यांनी तिथल्या तिथे पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा काढला.

त्यानंतरचे शनिवार कसे गेले, कळलंच नाही. हेल्काकडे उजेड थोडा थोडा वाढत गेला, छपरावरून पाणी ठिबकू लागलं. रोसारिओच्या अंगणातली द्राक्षं काळी झाली. इकडे आंब्याला कैऱ्या लागल्या आणि पोटातल्या बाळाच्या लाथा श्रुती सासूचा हात धरून दाखवू लागली. तीन देशांत तीन टोपडी पुरी झाली आणि प्रत्येकाचा शेवटचा टाका मोकळा राहिला. कधी कधी दुपारच्या झोपेत आक्काताईंना वाटे, ऊन, बर्फ आणि द्राक्षं या सगळ्यांतून एकच दोरा चाललाय, आणि तो जरा जपून धरायला हवा.

चैत्रात, जोतिबाच्या यात्रेला निघालेल्या गाड्या रस्त्यानं गुलाल उडवत जात असताना, श्रुतीला आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. लगेच काचेच्या पेटीत ठेवली. आक्काताईंनी मैत्रिणींना एवढंच कळवलं: आली, पण फार लवकर आली. त्या टोपडं पिशवीत घालून दवाखान्याच्या बाकावर बसून राहिल्या. टाका मोकळाच होता.

शनिवारी सिस्टर बाहेर आल्या. "आज्जी, नळी काढली. आता आपली आपण श्वास घेतीया. डोकं झाकायला काय आणलंय का न्हाय?"

आक्काताईंनी हात धुतले, आत गेल्या आणि बाळाला टोपडं घातलं. ते डोळ्यांवरून घसरत थेट हनुवटीपर्यंत आलं. पोरगी आत गडप! सिस्टर हसल्या, श्रुती कितीतरी दिवसांनी हसली. आक्काताई बाहेर येऊन बाकावर बसल्या, मोकळा टाका धरला आणि ओढला. एकेक ओळ सरसर सुटू लागली.

फोन वाजला तेव्हा तो एका हातानं बाकावरच्या थर्मासला टेकवून उभा केला आणि दुसरा हात उसवतच राहिला.

हेल्कानं आधी तो हात पाहिला. मग रोसारिओनं. रोसारिओनं छातीवर क्रूस काढला. आक्काताईंनी मान वर केली, तर दोघींच्या डोळ्यांना धार लागलेली.

"अगं बायांनो!" इंग्रजी कुठल्या कुठे पळालं. "रडताय कशापायी? हाय की पोरगी! जित्ती हाय! टोपडं मोठं झालंय, टोपडं!"

त्यांना काही कळेना. आक्काताईंनी मूठ वळून पडद्यासमोर धरली. "स्मॉल! हेड स्मॉल!"

रोसारिओला आधी उमगलं. ती रडता रडता मोठ्यानं हसली, तिनं आपलं टोपडं उचललं आणि खसकन दोरा ओढला. मागोमाग हेल्कानंही ओढला. तिघी नुसत्या उसवत सुटल्या, पोरींनी फुगड्या घालाव्यात तशा.

"कितव्या ओळीपर्यंत?" हेल्कानं विचारलं.

ते आक्काताईंनाही ठाऊक नव्हतं. इतक्या महिन्यांत त्यांनी बाळाचं काहीच मोजायचं धाडस केलं नव्हतं. "थांबा, मापच घेऊन येते," म्हणत त्यांनी फोन दारातल्या श्रुतीकडे दिला.

"आत्ती, हलक्या हातानं हं," श्रुती म्हणाली.

आक्काताईंनी दोरा त्या इवल्या कपाळाभोवती फिरवला. पोरीला ते मुळीच आवडलं नाही. तिनं तोंड वाकडं केलं आणि किरट्या आवाजात जी ओरडायला लागली, ती फिनलंड आणि चिलीपर्यंत.