धारेआधीचं घमेलं

मूरघासाचा खड्डा भरायचा ठरला तेव्हा सासऱ्यांनी दिवसातून चारदा नाक मुरडलं. हिरवीगार लसूणघास कापायची, अर्धा दिवस उन्हात सुकवायची, गवतात मिसळून कुट्टी करायची आणि प्लास्टिकखाली दोन महिने कोंडून ठेवायची, हे त्यांच्या डोक्यातच शिरेना. "ताजं सोडून शिळंपाकं घालणार गाईंना!" एवढं बोलून ते उठून जायचे. सुनेनं वाद घातला नाही. खड्ड्यात उतरून पायांचे तुकडे पडेपर्यंत तिनं कुट्टी तुडवली.

दोन महिन्यांनी प्लास्टिक उचकटलं. आंबूस-गोडसर वास पसरला आणि सहाच्या सहा गाई गव्हाणीवर तुटून पडल्या. थोरली ठमी तर रिकामी गव्हाणही चाटत बसली. दूध वाढलं. सुनेचे पाय जमिनीवर ठरेनात.

आणि माशी शिंकली. दूध केंद्रातल्या तपासनिसानं संध्याकाळचा कॅन परत पाठवला. "वहिनी, दुधाला चाऱ्याचा वास मारतोय." दुसऱ्या संध्याकाळीही तेच. जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, मूरघास धार काढून झाल्यावरच घाला, नाहीतर वास दुधात उतरतो. ती तसंच तर करत होती!

"उद्या पुन्हा परत आलं, तर खड्डा बुजवायचा," सासूबाईंनी निकाल दिला. सासरे गप्प होते. ते गप्प बसले, इथंच खरं तर पाणी मुरत होतं.

तिसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या धारेला तासभर असताना, ती पेंडीच्या पोत्यांमागे दबा धरून बसली. दार करकरलं. घमेलं भरून मूरघास घेऊन सासरे आत आले, तेही चवड्यांवर, आणि तो त्यांनी ठमीच्या गव्हाणीत ओतला.

"खा गं बाई, पोटभर खा. सूनबाईला सांगू नकोस हं."

"बाबा!"

घमेलं दाणकन खाली आपटलं. "अगं... ते... हिनंच हाक मारली."

"धारेआधी खाल्लं की वास दुधात उतरतो, बाबा!"

"मला कुणी सांगितलं?"

"तुम्ही ऐकायला कधी थांबलात?"

सासऱ्यांनी वाकून घमेलं उचललं. मिशीला कुट्टी चिकटली होती. "तीस वर्षं राबलो इथं. गुडघे गेले, गोठा तुझ्या हाती दिला. आता तुझी चाहूल लागली की सगळ्या तुझ्याकडे बघतात, मी जाऊन उभा राहिलो तरी कुणी ढुंकून बघत नाही. घमेलं आणलं की ठमी मला बघून हंबरते. बरं वाटतं गं."

भांडायला आलेली सून भांडायचंच विसरली. तिला एकाच वेळी हसू आलं आणि भरूनही आलं. मग दोघांनी मिळून गव्हाण रिकामी केली. ठमीनं गोठा डोक्यावर घेतला, पण सासरे बधले नाहीत.

त्या दिवशी कॅन परत आला नाही. "आज दूध फर्स्ट क्लास, वहिनी!" असा निरोप मात्र आला.

सुनेनं घमेलं भरून सासऱ्यांच्या हाती दिलं. "घ्या. रोज हे काम तुमचंच. पण धार झाल्यावर."

त्यांनी गोठ्यात पाऊल टाकलं मात्र, सहाही गाई एका सुरात हंबरल्या. ओसरीवरून सासूबाईंनी विचारलं, "मग काय, बुजवायचा का खड्डा?"

"बुजवायचा?" सासरे आतून ओरडले. "पुढच्या वर्षी दोन खणायचेत! आणि तुडवायला तूही उतरायचंस!"