मुख्य चालक

स्टेपलची पिन नेमकी त्याच्या डाव्या कानातून गेली होती. लायसनच्या झेरॉक्सला जोडलेला धाकट्या भावाचा पासपोर्ट आकाराचा फोटो — पांढऱ्या पडद्यापुढे ताठ मानेने बसलेला, ओठ घट्ट मिटलेले, पण डोळ्यांतलं हसू काही फोटोग्राफरच्या धाकानेही आवरलेलं नाही — आणि त्या कानातून आरपार गेलेली चकचकीत पिन. तिने ती नखाने जराशी उचकटून पाहिली. फोटो फाटेल म्हणून सोडून दिली. पिन तिनेच मारली होती, सकाळी आल्या आल्या, आणि मारताना आपलं लक्ष दुसरीकडे होतं… असं तिने स्वतःला सांगितलं.

विम्याची ही एजन्सी टायरच्या दुकानावर होती. उन्हं चढली की खालून रबराचा वास जिन्याने वर यायचा आणि दुपारपर्यंत फायलींना, पाण्याच्या बाटलीला, तिच्या ओढणीलाही लागायचा. सहा वर्षांत तिला त्याची सवय झाली होती. समोरच्या पडद्यावर अर्ज उघडा होता. गाडी — दोन दरवाजांची, स्पोर्ट्स. चालकाचं वय — एकोणीस. अनुभव — पाच महिने. कळ दाबली की वर्षाच्या हप्त्याचा आकडा उमटत होता, आणि तो बघून काउंटरपलीकडच्या आईबापांचे चेहरे कसे होतात हे तिला पाठ होतं : आधी वाटतं, एखादं शून्य चुकून जास्त पडलंय, मग पोराकडे बघतात, पोरगा दुसरीकडे बघतो. लहान वय आणि वेगाची गाडी एका कागदावर आली की कंपनी घाबरते, हे ती त्यांना गोड शब्दांत समजावून सांगायची. रोजचंच काम. पण आज ‘मुख्य चालक’ या चौकटीत तिने धाकट्याचं नाव पुसून स्वतःचं घातलं — वय सत्तावीस, आठ वर्षांचं लायसन, एक ओरखडाही नावावर नाही — आणि पुन्हा कळ दाबली, तेव्हा आकडा धप्पकन खाली बसला. पावणेतीन पटींचा फरक. शहाण्यासारखं वागल्याची किंमत शेवटी कळली म्हणायची, आणि तीही भावाच्या उपयोगी पडली.

काल संध्याकाळी बाबांनी हे सुचवलं तेव्हा ते कपड्यांच्या घड्या घालत होते. निवृत्त झाल्यापासून ते घड्या घालायचे, कडेला कड जुळवून. “तुझं नाव टाक ना बाळ,” ते म्हणाले, तिच्याकडे न बघता. “मुख्य चालक म्हणून. चालवेल टिल्लूच. कागदापुरतं फक्त.” त्यांचं स्वतःचं नाव चालण्यासारखं नव्हतं, दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका दुधाच्या व्हॅनला मागून ठोकलं होतं आणि तेव्हापासून विमा कंपनी त्यांच्याकडे नाक मुरडून बघत होती. आई आतून म्हणाली, “भाऊच ना तो तुझा.” जसं काही कुणी त्याबद्दल शंका घेतली होती.

टिल्लू. सहा फुटांचा झाला तरी टिल्लूच. त्याला गाडी हवी होती — हवी होती म्हणजे काय, त्याने नुसतं म्हटलं होतं, जेवताना, भाताचा घास तोंडात असताना, की जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे एक पिवळी आलीय, काय दिसते… आणि आठ दिवसांत बाबा विसार देऊन आले. इतकं सोपं. ती ताटातल्या भातावर बोटाने रेघ ओढत राहिली होती. मग म्हणाली, “छान. रंग कुठला म्हणालास?”

कारण तीही एकदा एकोणीस वर्षांची होती. ही गोष्ट घरात कुणाच्या लक्षात राहिली नव्हती. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तिने एका मासिकातून कापलेलं चित्र चिकटवलं होतं — चंदेरी, बुटकी, रस्त्याला पोट टेकवून बसलेल्या मांजरासारखी गाडी — आणि रोज सकाळी कपडे काढताना ती तिच्याकडे बघायची. बक्षिसांचे आणि शिकवण्यांचे पैसे साठवलेले होते, बाबा उरलेले घालणार होते, गाडी जुनीच होती, सगळं जुळत आलेलं. आणि एका दुपारी बाबा स्कूटर याच इमारतीखाली लावून विम्याचं विचारायला वर गेले. ती खाली थांबली. एकावर एक रचलेले टायर मोजत — तिला अजून आठवतं, चौदा होते — आणि मनात ती चंदेरी गाडी वळणावर अलगद झुकवत. बाबा उतरले ते हातात कागद घेऊन. “हप्त्याच्या पैशांत मागचे दोन दरवाजेही बसवून मिळतील,” असा काहीसा विनोद त्यांनी केला. मग म्हणाले, “जमायचं नाही.” बस. तिने त्या गाडीवर पाणी सोडलं. रडली नाही, रुसली नाही. सगळे म्हणाले, केवढी समजूतदार पोरगी. समजूतदार… तो शब्द पुढे आठ वर्षं तिच्या अंगावर शाळेच्या गणवेशासारखा राहिला.

आणि आता त्याच समजूतदारपणाचा दाखला तिने टिल्लूला उसना द्यायचा होता.

तिला नियम ठाऊक होते. नियम ठाऊक असणं हीच तर तिची नोकरी. खरा चालवणारा एक आणि कागदावर भलताच, हे उघडकीला आलं की कंपनी हात वर करते. मागच्याच वर्षी एक शिंपी याच खुर्चीत बसून होता, टोपी गुडघ्यावर, आणि ती त्याला सांगत होती की काका, अर्जात तुम्ही मुख्य चालक म्हणून स्वतःचं नाव दिलंत, पण गाडी रोज तुमचा मुलगा चालवत होता असं तपासणीत निघालंय, तेव्हा क्लेम मंजूर होणार नाही. मुलाचा पाय दोन ठिकाणी मोडलेला. ज्याला धडकला तो माणूसही दवाखान्यात. शिंप्याने टोपी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, “मी चालवतो कधीकधी. रविवारी.”

उद्या या खुर्चीत बाबा… पिवळी गाडी खांबाला घासून आडवी, काच रस्ताभर, आणि बाबा इथे, गुडघ्यावर हात ठेवून — आणि तिने तो अपघात मनात होऊ दिला. थांबवता आला असता. नाही थांबवला, शेवटपर्यंत बघितला, आणि त्यात कुठेतरी, काचांच्या त्या चुऱ्यात, तिला एक गार समाधान मिळालं. ती झटकन पाणी प्यायली. मी असली नाही, ती मनात म्हणाली. मी त्याला कडेवर घेऊन फिरवलाय. त्याची पहिली सायकल मी धरली होती मागून, घामाघूम होऊन, आणि सोडली तेव्हा तो आरडाओरडा करत पुढे गेला आणि एकदाही मागे बघितलं नाही… हो, तेव्हाही नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने भिंतीतलं लोखंडी कपाट उघडलं. मॅडम — एजन्सीच्या मालकीणबाई — काहीच टाकून द्यायच्या नाहीत. नोंदी संगणकावर जाण्याआधीच्या चौकशीच्या वह्या सालवार बांधून ठेवलेल्या होत्या. सहा वर्षांत तिने आपल्या एकोणिसाव्या वर्षाची वही कधी काढली नव्हती. आज काढताना तिला काय सापडायला हवं होतं ते तिला पक्कं माहीत होतं : काहीच नाही. बाबांनी विचारलंच नव्हतं, वर येऊन ते नुसते जिन्यात उभे राहिले होते, आकडा मनाचा सांगितला होता — असं निघालं असतं तर किती बरं झालं असतं. मग हक्काने जळता आलं असतं.

पण नोंद होती. निळ्या शाईत. तिचं नाव, वय एकोणीस, गाडी दोन दरवाजांची. आकडाही तोच. शेऱ्यात लिहिलं होतं : ‘पालक दुसऱ्यांदा आले.’

दुसऱ्यांदा?

मॅडम डबा खात होत्या. चष्मा साखळीला लटकलेला. वहीचं पान त्यांनी डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, आणि हसल्या. “वजनमापंवाले. मला आठवतात की. काउंटरवरचा टपाल तोलायचा काटासुद्धा जरा संशयानेच बघितला होता त्यांनी.” बाबा वजनमापं तपासणारे निरीक्षक होते, आयुष्यभर दुसऱ्यांचे तराजू तपासले. “आठ दिवसांनी परत आले होते, काही कमी होतंय का विचारायला. तेव्हा इथे एक गृहस्थ बसायचे, फार चलाख. ते म्हणाले, साहेब, तुमच्या नावावर करा, मुलगी चालवेल, कोण बघतंय. तर तुझे बाबा काय म्हणाले माहितीये?”

“काय?”

“म्हणाले, उद्या काही झालं तर कागद खोटा ठरेल आणि पोरगी एकटी पडेल. तसं नको. आणि गेले.” मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. “त्या गृहस्थांना मी नंतर चांगलं झापलं. का गं, आज वही कशाला काढलीस?”

“सहज,” ती म्हणाली.

ती जागेवर येऊन बसली. खरं तर हलकं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिला राग आला. आठ वर्षं जपलेली तक्रार, आतल्या खोलीतल्या पेटीसारखी, रोज झाडूनपुसून ठेवलेली — आणि कुणीतरी येऊन सांगतं की ती रिकामी आहे. रिकामीच का, तिच्यात चुकून माया भरलेली आहे. मग हे तेव्हाच का नाही सांगितलं? एक वाक्य. त्या दुसऱ्या खेपेनंतर घरी येऊन एक वाक्य, त्या पाचकळ विनोदावर उतारा म्हणून… आणि माझ्यासाठी ज्यांना खोटं लिहिता आलं नाही, त्यांना त्याच्यासाठी येतं? कपड्यांच्या घड्या घालत? तिने दोन्ही गोष्टी दोन हातांत घेतल्यासारख्या करून पाहिल्या — मला नाही म्हणाले ती माया जास्त, की त्याला हो म्हणाले ती — आणि दरवेळी हात बदलला की वजन बदलत होतं. बाबा म्हातारे झालेत, एवढंच असेल. आता त्यांना कुणाचं तोंड उतरलेलं बघवत नाही. माझं बघवलं होतं. म्हणजे माझं तोंड उतरलंच नव्हतं. मी उतरू दिलं नव्हतं. शहाणी.

पाच वाजता टिल्लूचा फोन आला. “ताई, व्यापाऱ्याकडे ये ना. तू बघितलीच नाहीस अजून.”

गाडी अंगणात बाकीच्या गाड्यांपासून जरा वेगळी उभी होती. पिवळी, मोहरीच्या फुलासारखी, जेमतेम कमरेएवढी उंच. गाडीला नावं ठेवायची तयारी करून ती आली होती, पण जवळ गेल्यावर तिचा हात आधी बॉनेटवरून फिरला. व्यापारी रुमालाने आरसा पुसत होता. “चालवणार कोण? लायसन लागेल,” तो म्हणाला.

“ही,” टिल्लूने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “मुख्य चालक.” आणि हसला, तिच्यासाठी, एखादी गंमत दोघांत वाटून घ्यावी तसा.

तिने किल्ली घेतली. खरं म्हणजे हिसकावलीच.

बसल्यावर रस्ता एकदम जवळ आला. इंजिनाचा आवाज कानाला नाही, मणक्याला ऐकू आला. पहिला गिअर, दुसरा; टायरच्या दुकानाकडे जाणारा रस्ता तिने टाळला आणि शाळेमागच्या मोकळ्या रस्त्याला लागली, आणि वळणावर गाडी तशीच अलगद झुकली, जशी चौदा टायर मोजताना झुकली होती. तिच्या तोंडून हसू फुटलं. कुणाचं हसू हे, तिला कळेना. तिने चोरून शेजारी बघितलं. त्याचं तोंड पडलेलं असेल, आपण इतकी वर्षं जेवणाच्या टेबलाशी लपवत आलो ते सगळं त्याच्या चेहऱ्यावर दिसेल, असं तिला वाटलं होतं — वाटलं कशाला, तिला ते हवं होतं. पण टिल्लू खुलून गेला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर आपटत होता. “ताई, तू कसली चालवतेस. तूच घेऊन जात जा ऑफिसला. मी काय, कॉलेजला बसने जाईन.”

“आणि गाडी कुणाची?”

“आपली,” तो म्हणाला. त्याला प्रश्नच कळला नव्हता.

हे सगळ्यांत कठीण होतं. त्याच्याजवळ हेवा नव्हता. कधी लागलाच नव्हता, सर्दीसुद्धा न होणाऱ्या माणसासारखा. गाडी त्याच्याकडे गेली असती तरी चाललं असतं, लाड गेले असते तरी चाललं असतं, पण हे जे त्याच्याजवळ होतं, फुकट, जन्मापासून, ते तिला हवं होतं… आणि ते मागायचं कुणाकडे?

परतीच्या सिग्नलला ते थांबले. टिल्लूचा पाय जमिनीवर, नसलेल्या पेडलवर, ठेका धरून दाबत होता. जोरात दाबत होता. पाच महिन्यांचा अनुभव, तिला आठवलं, आणि वळणावर तो किती वेगाने जाईल ते तिला त्या पायात दिसलं.

“अर्ज भरलास ना गं?” त्याने विचारलं. “बाबा म्हणाले, तुझ्या सहीचंच काम राहिलंय.”

नाही, ती म्हणणार होती. शब्द तयार होता, अगदी दातांमागे. नाही टिल्लू, उद्या काही झालं तर तू एकटा पडशील. किती सरळ वाक्य, किती मोठ्या बहिणीचं. पण ते उच्चारायच्या आधी तिने ते एकदा जिभेवर फिरवून पाहिलं आणि तिला त्यात सकाळची ती गार चव लागली. काळजी म्हणून नाही म्हणते आहेस, की तुला मिळालं नाही म्हणून? दोन्हींचे शब्द तेच. आवाजही तोच असेल. आणि सही केली तर… तीही काय, प्रेमानेच केली असं कुणी छातीवर हात ठेवून सांगावं? जिना उतरणारे बाबा तिला दिसले, हातात कागद, पन्नाशी ओलांडलेले, आयुष्यभर स्कूटर चालवलेले. त्यांनाही कधी एकोणिसाव्या वर्षी काही हवं असेल. त्यांना तरी कळलं होतं का, आपल्या ‘जमायचं नाही’त काय काय मिसळलंय ते?

“ताई?”

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. तिने क्लच इतका हळू सोडला की गाडी सरकली ते टिल्लूला कळलंही नाही. तो उत्तराच्या आशेने तिच्या तोंडाकडे बघत राहिला, हसरा, बिनघोर. आणि ती समोर बघत राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला त्याच्यासाठी भीती वाटत होती, आणि त्या भीतीवरसुद्धा तिचा पुरता विश्वास बसत नव्हता.