गोधडीतली शिंक

सासूबाईंनी सुनेला घाईबाई म्हणायला सुरुवात केली, ती काही उगाच नाही. सून बोलायची भरभर, जेवायची भरभर, आणि शिलाई मशीन तर अशी हाणायची की शेजाऱ्यांना वाटावं घरात गिरणी आहे. पण दुपारी दोघींची गोधडी सुरू झाली की हीच बाई गुणी मुलीसारखी हळू व्हायची. सासूबाई कापडाच्या चौकोनावर पेन टेकवायच्या आणि हात नेईल तिकडं जाऊ द्यायच्या. गोलात गोल, पानं, जाळी, लाटा. आधी काही ठरवायचं नाही, पेन उचलायचं नाही, खोडायचं तर मुळीच नाही. मग सून मशीनचे कापड पुढं ओढणारे दात खाली उतरवायची आणि कापड दोन्ही हातांनी फिरवत त्या रेघेवरून सुई चालवायची.

शेवटचा चौकोन काढून झाला आणि सासूबाईंची वर्षभर मंदावत चाललेली नजर गेलीच. आता उजेड कळायचा, रेघ नाही. सून तो चौकोन जिवापाड जपत होती. इतका, की शिवताना सुरकुती नको म्हणून तिनं त्यावर कडक इस्त्री फिरवली.

इस्त्री उचलली तर खाली कोरं कापड! पेनाची शाई उष्णतेनं उडणारी. एरवी शिवून झाल्यावर रेघा घालवायला दोघी इस्त्रीच वापरायच्या. सून तशीच सासूबाईंपुढं जाऊन बसली.

“आई, सगळं गेलं. शिवायच्या आधीच इस्त्री केली मी.” आणि ती हमसून रडली.

सासूबाईंनाही लागलंच, आता असा चौकोन पुन्हा निघणार नव्हता. मग त्यांनी चाचपत तिचं डोकं शोधलं.

“घाईबाई, डोळे पूस आधी. आपण शिवलेली उशी थंडीत गाडीत राहिली होती, आठवतं? गारठ्यानं पुसलेल्या रेघा परत आल्या म्हणून तू दुकानदाराच्या नावानं केवढी बोटं मोडलीस!”

सुनेनं फ्रीजरमधले मटार ओट्यावर काढले आणि चौकोन पिशवीत घालून आत सरकवला. बाहेर काढला तेव्हा रेघा आल्या होत्या. फिकट, पण सगळ्या. तिचा जीव भांड्यात पडला. मटारांवरचा बर्फ तेवढा वितळला, ते घरादाराला संपवावे लागले.

मशीनचा दिवा तापतो म्हणून तो बंद करून, खिडकीशी बसून तिनं तो चौकोन शिवला. इतकं सावकाश ती जन्मात शिवली नव्हती.

आत कापूस असल्यानं टाका खोल बसला होता. तिनं सासूबाईंचं बोट धरून सुरुवातीला ठेवलं. ते गोलांतून फिरलं, पानांवरून गेलं, आणि लाटेवर एकदम थांबलं. तिथं रेघ मध्येच उडी मारून खाली आली होती.

“इथं मी शिंकले होते,” सासूबाई म्हणाल्या. “सरळ करून टाकायचंस की गं.”

“का म्हणून? तुमचीच शिंक आहे ना ती.”

सासूबाई हसल्या. मग बोट पुन्हा सुरुवातीला नेऊन त्या आपली रेघ पहिल्यापासून पाहू लागल्या.