मधल्या वर्षाची बेचाळीस पिंपं

तुम्ही तीन वर्षं त्या चिठ्ठ्या वाचल्याच नाहीत. दर वर्षी तळघरातून दोन चिठ्ठ्या वर यायच्या. एकीवर सही असायची, दुसरीवर नसायची. तुमच्यापैकी एकाही शहाण्याने विचारलं नाही की इथली सही कुठे गेली. शिक्का मारलात, फायलीत लावलात, मोकळे झालात. मग माल विकायची घाई झाली तेव्हा तुमचे अचानक डोळे उघडले, आणि तुम्ही त्या माणसाला लबाड म्हणालात.

तो माणूस म्हणजे रेड वाइनच्या त्या कारखान्यातला चाखणारा. तोंडावर आणि पाठीमागे सगळे त्याला तुरटराव म्हणत, आणि त्यालाही आता तेच नाव आपलं वाटे. बावीस वर्षं त्याचं काम एकच. कोवळी वाइन तोंडात घ्यायची, हिरड्यांवरून फिरवायची, थुंकायची, आणि सांगायचं की ही किती वर्षं जगेल. लवकर विकून टाकायची, की पिंपात आणि पुढे बाटलीत दहा-पंधरा वर्षं राखायची.

हे एकट्याने ठरवायचं नाही, असा कारखान्याचा जुना नियम. दोघांनी चाखायचं, तेही पाठीला पाठ लावून. चाखणाऱ्याचा चेहरा फितूर असतो. एकाची भुवई हलली की दुसऱ्याची जीभ तिच्यामागे जाते. म्हणून तळघराच्या जिन्यालगतच्या खोलीत दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवलेल्या. बोलायचं नाही. शेरा लिहून झाला की पेन टेबलावर ठेवायचं. दोन्ही पेनांचा आवाज झाला की वळायचं आणि चिठ्ठ्या बदलायच्या.

दुसऱ्या खुर्चीत प्रयोगशाळेतल्या बाई बसत. एकोणीस वर्षं बसल्या. चिठ्ठ्या बदलल्या की नेहमीची जुंपायची.

"मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, बाई. ही लंगडी आहे, विकून टाका."

"पाय दिसतात हो, चाल दिसत नाही. चार दिवस थांबा."

बाईंचं ते चार दिवसांचं वेड होतं. बाटली अर्धी रिकामी करायची, बूच लावायचं आणि फळीवर ठेवून द्यायची. बंद बाटलीत जे वर्षानुवर्षं होतं त्याची चुणूक उघड्या हवेने चार दिवसांत मिळते, असं त्यांचं म्हणणं. चौथ्या दिवशी जी पडली ती पडली. जी उभी राहिली ती जगणार.

"भाजीसुद्धा चार दिवसांनी खाता काय?" त्याने एकदा विचारलं.

"खाते कधीकधी. एकटीला संपत नाही."

तो हसला होता. घरी जाऊन स्वतःचं कालचं गरम करताना त्याचं हसू जरा अडकलं, पण दुसऱ्या दिवशी विषय काढायचं धाडस झालं नाही. पाठीला पाठ लावून बसणाऱ्यांना समोरासमोर बोलायची सवय नसते.

बाई गेल्या तेव्हा तो अंत्यविधीला गेला. नातेवाईक एका बाजूला, शेजारी दुसऱ्या बाजूला. त्याला कुठे उभं राहायचं कळेना. बाईंच्या भाच्याने विचारलं, "आपण कोण?" तो म्हणाला, "ऑफिसातला." याहून जास्त सांगण्यासारखं काही होतं की नाही, हे त्याला आजवर ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर त्याने जागा भरण्यासाठी तीन अर्ज केले. तिन्हींना एकच उत्तर आलं: विचाराधीन. शेवटी त्याने पिंपं दुरुस्त करणाऱ्याला गळ घातली.

"अरे, नुसता बस माझ्या पाठीशी."

"तुरटराव, मला चहा आणि वाइन यांतला फरक कळतो, तोही उजेड असला तर," पिंपवाला म्हणाला. "तुमची चिठ्ठी बाटवू नका."

मग तो एकटाच बसला. पहिला ग्लास झाला, शेरा लिहिला, पेन ठेवलं. आणि दुसऱ्या पेनाची वाट बघत राहिला. किती वेळ, त्यालाच ठाऊक. भिंतीवरचं घड्याळ ठकठकत होतं, बाकी काही नाही.

पण कागद दोन चिठ्ठ्या मागत होता. त्याने बाटल्यांना बुचं लावली, फळीवर ठेवल्या, आणि चौथ्या दिवशी बाईंच्या खुर्चीत जाऊन बसला. तेव्हा त्याला कळलं की खोलीची खिडकी सगळी त्याच्याच वाट्याला होती. बाईंच्या समोर नुसती भिंत. एकोणीस वर्षं ही बाई भिंतीकडे बघत चाखत होती आणि चकार शब्दाने बोलली नव्हती.

दुसरी चिठ्ठी त्याने तिथे बसून लिहिली. बाईंची सही करणं शक्य नव्हतं, स्वतःची दोनदा करणं खोटं झालं असतं. म्हणून ती जागा त्याने कोरी सोडली. ही होती त्याची लबाडी. तीन वर्षं, वर्षातून एकदा.

यंदा बाई गेल्यानंतरच्या तिन्ही वर्षांची वाइन एका टेबलावर आली. तिन्ही कोवळ्या, एकाच मळ्यातल्या, पण सख्ख्या बहिणींचं पटू नये तशा. पहिलं वर्ष कडक उन्हाचं. त्याची वाइन गडद, गोड वासाची, तोंडात गेल्या गेल्या गळ्यात पडणारी. शेवटचं वर्ष पावसाने भिजलेलं, त्याची पातळ, मिळमिळीत. आणि मधलं वर्ष थंड, द्राक्षं उशिरा पिकलेली. ती आंबट, वास मिटलेला, आणि हिरड्या आवळून टाकणारी. पहिल्या दिवशी त्याने तिघींवर शेरे मारले. पहिली: ठेवा. शेवटची: विका. मधली: कर्कश, विका.

चौथ्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून बसला. पहिलीचा गोडवा उतरला होता, लग्नघरातला मांडव काढल्यावर दिसतं तसं सगळं उघडं-बोडकं. शेवटचीला व्हिनेगरची कळा आली होती. आणि मधली? मधलीने आत्ता कुठे दार किलकिलं केलं होतं. आंबटपणा तसाच, पण आता त्याने बाकीच्या चवींना कणा दिला होता. तुरटपणा होता, पण त्याची धार जाऊन वीण झाली होती. जिभेवरून गेल्यावरही ती बराच वेळ बोलत राहिली. पंधरा वर्षं, त्याच्या मनात आलं. कदाचित वीस. ते बघायला आपण नसू.

त्याने बाईंच्या बाजूच्या चिठ्ठीवर लिहिलं: मधली ठेवा. बेचाळीसच्या बेचाळीस पिंपं.

आणि वळून सांगायला खोलीत कोणी नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाई इतक्या धडधडीत जिंकल्या होत्या.

पंधरवड्याने त्याला वर ऑफिसात बोलावणं आलं. तो तिन्ही बाटल्या चार दिवस आधी उघडून, बरोबर घेऊन गेला. साहेबांसमोर दोन्ही चिठ्ठ्या होत्या.

"अक्षर एकच आहे," साहेब म्हणाले.

"हो. माझंच."

"म्हणजे दुसरी खोटी."

"सही नाही तिच्यावर. खोटं करायचं असतं तर सही केली असती."

"नियमाने ती बाद. पहिली वैध आहे. आणि तुम्हीच लिहिलंय की, मधली कर्कश, विका. आम्ही तुमचाच शब्द पाळतोय, तुरटराव. सोमवारी टँकर येतील. स्वस्त मिश्रणात जाईल."

"मी चुकलो होतो," तो म्हणाला. "माणूस चुकतो म्हणून तर चिठ्ठ्या दोन असतात."

त्याने तीन ग्लास भरले. साहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. शेजारचे हिशेबनीस म्हणाले, "ऑफिसच्या वेळात नको." तिसऱ्या अधिकाऱ्यांनी पहिल्या वर्षाचा ग्लास नुसता हुंगला आणि म्हणाले, "ही छान आहे की." मधल्याला कोणी हात लावला नाही. मग एक कागद पुढे आला: दुसरी चिठ्ठी बनावट होती, असं लिहून द्या, निवृत्तीपर्यंत नोकरीला धक्का नाही. त्याने पेन उचललं, कागद वाचला, आणि पेन परत ठेवलं. टेबलावर आवाज झाला.

शनिवारी त्याने स्वतःच्या सहीची नवी चिठ्ठी वर पाठवली. माझा पहिला शेरा घाईचा व चुकीचा. मधलं वर्ष ठेवावं. शंका असल्यास कोणीही खाली येऊन चाखावं, दुसरी खुर्ची रिकामी आहे. पोच म्हणून शिक्का मारलेली प्रत त्याला मिळाली. एवढंच मिळालं.

आज रविवार आहे. तो खाली बेचाळीस पिंपांमध्ये उभा आहे, सुट्टीच्या दिवशी, घरी जाण्यासारखं काही नाही म्हणून. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनो, टँकर फाटकात शिरायला अजून एक रात्र आहे. ही वाइन मरायला टेकली आहे असं तुमच्यापैकी कुणाच्या जिभेने ठरवलं? कुणी चाखली? नाव सांगा.